देशाचे गीत कोण ठरवते? : स्वीडनमधील निवडप्रक्रियेचा एक अभ्यास

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जेव्हा एखादे गीत देशाच्या नावाने सादर होते, तेव्हा ते केवळ गायकाचे किंवा संगीतकाराचे राहत नाही. साहजिकच ते निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्माण होतो. तो तज्ज्ञांचा की सर्वसामान्य श्रोत्यांचा? युरोपीय प्रसारण संघाने १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे युरोव्हिजन गीतस्पर्धा सुरू केली. त्या पहिल्या स्पर्धेत सात देश सहभागी झाले होते. आपले गीत कसे निवडावे, याचे बरेचसे स्वातंत्र्य प्रत्येक देशाच्या प्रसारण संस्थेस असते. काही देशांत संस्था स्वतःच गायक नेमते, तर काही देशांत जाहीर स्पर्धा घेतली जाते. प्रस्तुत लेखात स्वीडनच्या ‘मेलोडिफेस्टिव्हालेन’ या राष्ट्रीय निवडस्पर्धेचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
स्वीडनने १९५८ साली युरोव्हिजनमध्ये प्रथम भाग घेतला. त्या वर्षी जाहीर स्पर्धा न घेता अ‍ॅलिस बाब्स या गायिकेची थेट निवड करण्यात आली. १९५९ मध्ये स्पर्धा झाली खरी, परंतु ती गायकांची नसून गीतांची होती. म्हणूनच विजयी गीत सीव माल्मक्विस्ट यांनी गायिलेले असूनही युरोव्हिजनसाठी ब्रिटा बोर्ग यांना पाठविण्यात आले.

१९७३ साली तज्ज्ञांच्या परीक्षकमंडळाने पुढे ‘आबा’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या चौघांच्या गीतास तिसरे स्थान दिले. त्यावर टीका झाली. पुढील वर्षी निर्णय देशाच्या निरनिराळ्या विभागांतील परीक्षकमंडळांकडे सोपविला गेला. त्यांनी याच चौघांचे ‘वॉटर्लू’ हे गीत निवडले आणि १९७४ मध्ये ब्रायटन येथे स्वीडनला पहिले विजेतेपद मिळाले. निवडीची पद्धत बदलली की निवडही बदलू शकते, हे या दोन वर्षांच्या अनुभवावरून दिसून येते.

१९९३ मध्ये प्रेक्षकांच्या दूरध्वनी मतदानाचा प्रयोग झाला. १९९९ पासून परीक्षक व प्रेक्षक यांना प्रत्येकी निम्मे वजन देण्यात आले.

निवडप्रक्रियेचे टप्पे :
२००२ साली ख्रिस्टर ब्यॉर्कमान यांच्या नेतृत्वाखाली स्पर्धेची पुनर्रचना झाली. एका रात्रीत संपणारी स्पर्धा आता अनेक आठवड्यांची झाली आणि प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या शहरांत होऊ लागल्या. २०२५ मध्ये लुलेओ, गोथेनबर्ग, वेस्तेरोस, माल्मो आणि यॉनशोपिंग या पाच शहरांत प्रत्येकी सहा, म्हणजे एकूण ३० गीते सादर झाली. प्रत्येक फेरीतून दोन गीते थेट अंतिम फेरीत गेली. उरलेल्या दोन जागा विशेष पात्रता फेरीतून भरण्यात आल्या. अशा रीतीने १२ गीतांची अंतिम फेरी राजधानी स्टॉकहोमलगतच्या सोल्ना येथे पार पडली. प्राथमिक फेऱ्यांचा निर्णय केवळ प्रेक्षक करतात. परीक्षकांचा सहभाग अंतिम फेरीपुरताच असतो.

मतदानाची रचना :
२००९ मध्ये ऑपेरा गायिका मालेना एर्नमान यांना परीक्षकांनी आठव्या स्थानी ठेवले, तथापि प्रेक्षकांच्या मतांवर त्या विजयी झाल्या. मॉस्को येथील युरोव्हिजनमध्ये मात्र त्यांना २१व्या स्थानावर समाधान मानावे लागले. २०१० मध्ये तर स्वीडनचे गीत युरोव्हिजनच्या अंतिम फेरीतही पोहोचले नाही. घरी लोकप्रिय ठरलेले गीत बाहेर रुचेलच असे नाही, ही जाणीव यातून तीव्र झाली. २०११ पासून अंतिम फेरीतील सर्व परीक्षकमंडळे परदेशांतील असतात. स्वतःच्या देशाचे गीत निवडताना निम्मा अधिकार परकीयांच्या हाती देणे, हा या पद्धतीचा सर्वांत लक्षणीय विशेष होय.

दुसरा महत्त्वाचा बदल २०१९ चा. मोबाइल अ‍ॅपवरून विनामूल्य मत देण्याची सोय २०१५ पासून होती. आता या मतदारांची वयानुसार सात गटांत विभागणी झाली. पहिला गट ३ ते ९ वर्षांच्या बालकांचा, तर शेवटचा ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा. दूरध्वनीवरून मत देणाऱ्यांचा आठवा गट. प्रत्येक गट १२, १०, ८ आणि पुढे ७ पासून १ पर्यंत असे ५८ गुण वाटतो. आठ गटांचे मिळून ४६४ गुण होतात.

या रचनेचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या गीतास केवळ तीन गटांनी सर्वाधिक १२ गुण दिले व इतरांनी काहीच दिले नाही, तर त्याचे ३६ गुण होतात. याउलट आठही गटांनी प्रत्येकी ७ गुण दिलेल्या गीताचे ५६ गुण होतात. म्हणजे एका पिढीच्या उत्साहापेक्षा सर्व पिढ्यांच्या मान्यतेस येथे अधिक किंमत आहे. अर्थात, ज्या गटात मतदार कमी, तेथील प्रत्येक मताचे वजन वाढते. ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाशी ही रचना पूर्णतः जुळत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

२०२५ चा निकाल :
२०२५ मध्ये परदेशी परीक्षकांनी २०१५ चे युरोव्हिजन विजेते मॉन्स झेल्मेर्लेव यांना सर्वाधिक गुण दिले. प्रेक्षकांनी मात्र ‘काय’ नावाच्या त्रयीस निवडले. हे तिघेही फिनलंडमधील स्वीडिश भाषक समाजातील, आणि त्यांचे सौनास्नानावरील विनोदी गीत त्यांच्या बोलीत होते. १९९८ नंतर प्रथमच स्वीडनतर्फे स्वीडिश भाषेतील गीत युरोव्हिजनमध्ये गेले आणि बासेल येथे ते चौथे आले. परक्यांना समजावे म्हणून स्वभाषा सोडलीच पाहिजे, हा समज या निकालाने काहीसा सैल केला.

निष्कर्ष :
१९७४ ते २०२३ या काळात स्वीडनने सात वेळा युरोव्हिजन जिंकले. या यशामागे निवडप्रक्रियेची वेळोवेळी केलेली फेरतपासणी हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल. तथापि, जिंकू शकणारे गीत आणि समाजास आपले वाटणारे गीत ही नेहमीच एक नसतात. गुणांकनाची कोणतीही पद्धत हा ताण पूर्णपणे मिटवू शकत नाही. तो उघडपणे मान्य करून दोन्ही बाजूंस समान वजन देणे, एवढेच पद्धतीच्या हाती असते. लोकनिधीवर चालणाऱ्या प्रसारण संस्थेने देशाच्या नावाने निर्णय घेताना ही पारदर्शकता पाळणे, यातच या निवडप्रक्रियेचे खरे मूल्य सामावलेले आहे.