मूठभर तांदळाचा वारसा

मिरगाचा पाऊस लागला, शेतांतून नांगरणीची लगबग सुरू झाली आणि त्यासरशी शाळांच्या घंटाही पुन्हा घणघणू लागल्या. गोव्यातील हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरविण्यात आले. तरीही मे महिन्याची सुट्टी संपवून, ओल्या छत्र्या ओसरीवर ठेवून आणि नव्या वह्यांना कव्हरे चढवून मुले वर्गात येऊन बसतात, तेव्हाच शाळेला खरा रंग चढतो.

हेच दिवस गुणगौरव समारंभांचेही. दहावी-बारावीत चमकलेल्या विद्यार्थ्यांच्या पाठीवर शाल, हाती श्रीफळ आणि शाळेच्या दारावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक, हे दृश्य आता गावोगावी दिसते. ज्यांनी रात्रीचा दिवस करून यश मिळविले त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पण फलकापाशी क्षणभर थांबून एक साधा प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. हे शंभर टक्के कोणाचे?

टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांची असते. बसू न दिलेल्यांची तीत गणनाच नसते. समजा, नववीच्या आरंभी वर्गात पन्नास मुले होती. त्यांतील दहा जणांस ‘याला जमणार नाही, दुसरीकडे घाला’ असे पालकांना सांगून शाळा सोडल्याचा दाखला हाती दिला, अथवा खासगी रीत्या परीक्षेस बसण्याचा सल्ला दिला. उरलेली चाळीसही मुले उत्तीर्ण झाली. फलकावर शंभर टक्के झळकतात. पण पन्नासांचा हिशेब मांडला तर ऐंशीच भरतात. सर्वच शाळा असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळा सुटल्यावरही कच्च्या मुलांसाठी तासभर थांबणारे शिक्षक आजही आहेत. मात्र ही वाट पालकांना अगदीच अपरिचित राहिलेली नाही, हेही तितकेच खरे.

या वाटेला नववीच का सापडते, याचे कारण कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येणार नाही असे बंधन घातले. आठवीचा उंबरठा ओलांडला की हे छत्र दूर होते. म्हणजे दहावीचे मंडळ समोर दिसू लागते आणि मुलाला आधाराची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी त्याचे भवितव्य केवळ शाळेच्या सद्‌बुद्धीवर सोपविले जाते. जेथे कायदा थांबतो तेथे शाळेचा बाणा सुरू व्हावयास हवा.

हा बाणा आपल्याला परका नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येऊन येथील हिंदूंवरील बंधने सैल होण्यापूर्वीच, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्थेचा पाया घातला गेला. घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचा आणि त्यातून शाळा चालवावयाची, ही त्यामागील कल्पना संस्थेच्या नावातच जतन झाली आहे. त्यानंतर १९११ मध्ये फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरातून मूठभर तांदूळ येई, त्या घरातील मूल हुशार आहे की मंद, हे पाहून तो कोणी घेतला नसेल. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ एकाच रांजणात पडे. शाळा सर्वांची होती, कारण ती सर्वांनी उभी केली होती.

शाळेविषयीचा अभिमान म्हणजे केवळ गणवेश, घोषणा आणि करंडकांनी भरलेले कपाट नव्हे. तो खरा कसा असतो हे क्रीडांगण अधिक चांगले शिकविते. रिले शर्यतीत चौघांची वेळ एकत्रच मोजली जाते. जो मागे पडतो त्याला वगळून विक्रम नोंदविता येत नाही. म्हणूनच शहाणा प्रशिक्षक सर्वांत संथ धावणाऱ्यावर सर्वांत अधिक मेहनत घेतो. आपल्या मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना क्रीडागुण मिळतात ही चांगली गोष्ट आहे. पण मैदानावरील ही नीती वर्गात उतरली, तर तिचे मोल त्या गुणांहून कितीतरी मोठे ठरेल.

वर्षाचा आरंभ हीच त्यासाठी योग्य वेळ. जानेवारीत जागे होऊन जादा तास घेण्यापेक्षा पहिल्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका क्रमांक लावण्यासाठी न तपासता, कोणाचे कोठे अडते हे शोधण्यासाठी तपासाव्यात. नववीतील ज्या मुलास अपूर्णांक येत नाहीत, त्याला ते शिकविण्यात शाळेला कमीपणा नाही. वरच्या वर्गातील मुलांनी आठवड्यातून एक तास धाकट्यांजवळ बसावे. शिकविणाराही त्यात पक्का होतो. पालक-शिक्षक संघांनी निकालाची टक्केवारी ऐकून टाळ्या वाजविण्याआधी, नववीत किती मुले होती आणि दहावीस किती बसली, एवढे दोनच आकडे मागावेत. आणि व्यवस्थापनांनी ते दोन्ही आकडे फलकावर लिहिण्याचे धैर्य दाखवावे.

पुढच्या जूनमध्ये एखाद्या शाळेच्या दारावर ‘पन्नास आले, पन्नासही परीक्षेस बसले, शेहेचाळीस उत्तीर्ण झाले, चौघांची तयारी सुरू आहे’ असा फलक लागला, तर तो आम्हांस शंभर टक्क्यांहून अधिक अभिमानास्पद वाटेल. आपल्या पूर्वजांनी मूठ मूठ तांदूळ जमवून शाळा उभ्या केल्या, त्या दाणे निवडून फेकण्यासाठी नव्हेत.