पेटी येणार!

फेब्रुवारी लागला की आमच्या घरात एकच प्रश्न, “काकूंचा फोन आला का?” काकू म्हणजे देवगड तालुक्यातल्या एका छोट्या बागेच्या मालकीणबाई. शंभरएक कलमं, घरचीच माणसं राबणारी. “ताई, मोहोर बरा आहे हो यंदा. पहिल्या तोडीला तुमचं नाव लिहू का?” एवढं ऐकलं की मला माहेरचं बोलावणं आल्यासारखं वाटतं!

तुम्ही म्हणाल, औरंगपुऱ्यात राहणाऱ्या बाईला आंब्यासाठी देवगडला कशाला फोन करायला हवा? भाजीमंडई तर चार पावलांवर. खरंय. पण खोक्यावर ‘देवगड’ छापलेला प्रत्येक आंबा देवगडचा असतोच असं नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नुसत्या रंगावरून फळ ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

२०१९ मध्ये एका मैत्रिणीने काकूंचा नंबर दिला. फॉल-पिकोच्या कमाईच्या डब्यातून ५०० रुपये काढून मी आगाऊ पाठवले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ना बाई बघितली, ना बाग बघितली, अन् पैसे कशाला पाठवायलीस?” ह्यांनी तर “गेले पाचशे!” म्हणून हातच झटकले. माझे स्वतःचे पैसे होते ते. म्हणूनच जास्त धाकधूक होती.

एप्रिलमध्ये पेटी आली. उघडली तर हिरवेगार, दगडासारखे आंबे! “या तर कैऱ्या,” हे म्हणाले. मी रडवेली होऊन फोन लावला. काकू हसायलाच लागल्या. मग त्यांनी आढी लावायला शिकवलं. पेंढ्यावर फळं एका थरात मांडायची, वर पेंढा पसरायचा, दोन दिवसांनी हात फिरवायचा, मऊ झालेलं फळ आधी काढायचं. बोटाने दाबायचं नाही, कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. सहाव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती वासाने. खोलीभर घमघमाट! सासूबाई माझ्याआधी उठून पलंगाखाली वाकल्या होत्या.

तेव्हापासून दरवर्षी काहीतरी नवीन. २०२० मध्ये रसासाठी पायरी मागवला. आमरस-पोळीला तोच हवा, हे तेव्हा कळलं.

आणि मग २०२१ आलं. माझी दुसरी पेटी बाकी होती, पैसे पोचते झाले होते. १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं. टीव्हीवर उन्मळलेली झाडं दिसत होती अन् काकूंचा फोन लागत नव्हता. सहाव्या दिवशी त्यांचाच आला. “ताई, आंबे सगळे खाली. आठ कलमं मोडली. वीज नाही, म्हणून कळवायला उशीर झाला. तुमचे पैसे परत पाठवते.”

घर सावरायचं सोडून ही बाई माझे पैसे परत करायला बघत होती! मला काही सुचेना. मागून सासूबाईंचाच आवाज आला, “तिला म्हणावं, राहू दे. पुढच्या मोहोराचे समज.” त्याच सासूबाई बरं का!

पुढच्या वर्षी पेटीत एका कोपऱ्यात वेगळी सहा फळं होती. ‘रत्ना’. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून तयार केलेली, १९८१ मध्ये आलेली ही जात. हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. बाहेरून फळ देखणं, अन् कापलं की आत पांढरट, आंबूस गर. रत्नामध्ये तो नसतो. सोबत चिठ्ठी होती, ‘चाखून सांगा.’ आम्ही फोडी वाटून घेतल्या आणि हापूस की रत्ना यावर घरात तासभर वाद घातला!

मैत्रिणींनो, अशी ओळख जोडायला कोकणच गाठायला हवं असं नाही. आपल्या मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन आहे, जालन्याच्या मोसंबीला आहे, बीडच्या सीताफळाला आहे. जवळपासचा एखादा छोटा बागायतदार शोधा. पहिल्यांदा थोडंच मागवा, चौघी मिळून मागवा म्हणजे भाड्याचा भार पडत नाही. फळ कधी उतरवलं, कशात पिकवायचं, खराब निघालं तर काय, हे आधीच मोकळेपणाने विचारा. आणि चांगलं निघालं तर तेही आवर्जून फोन करून सांगा. बागेतल्या बाईला ते कोण सांगतं?

परवा सासूबाई पेपर वाचता वाचता म्हणाल्या, “कोकणात पाऊस पडला म्हणे अवकाळी. काकूंना फोन लाव बरं.”

मी म्हटलं, “पेटीचं विचारू?”

“पेटीचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “ती कशी आहे ते विचार.”