ट्रॅक्टर रस्त्यावर का डुलतो?



गळीत हंगाम तोंडावर आला की वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची डागडुजी सुरू होते. इंजिनचे ऑइल बदलले जाते, ट्रॉलीला रंग लागतो, हार-तुरेही होतात. पण ज्यांच्यावर सगळा भार, त्या चाकांकडे मात्र पंक्चर होईपर्यंत कोणी पाहत नाही. मग तक्रार येते ती अशी : "साहेब, शेतात ट्रॅक्टर गरीब गाईसारखा चालतो, पण डांबरी लागली की खोंडासारखा उधळतो. चाकांचा तोल गेलाय, कुठं करून मिळंल?"

प्रश्न रास्त आहे. मोटारीच्या चाकाचा तोल मशीनवर पाहतात आणि रिमच्या कडेला शिशाचा बारीकसा तुकडा ठोकला की काम होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासाठी तशी सोय गावोगाव मिळत नाही आणि आमच्या मते बहुतेकांना तिची गरजही नाही. रस्त्यावरच्या डुलण्याची बहुतेक कारणे एक जॅक, हवेचे मीटर, खडू आणि खुरपे एवढ्या साहित्यात घरच्या घरी सापडतात. ती कशी शोधावीत, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मूळ कुठे आहे?

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. ती रानात चालत, रस्त्यावर नेण्याची सोय नसे. अमेरिकेत १९३२ साली अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या 'यू' मॉडेलला हवेचे टायर बसवले आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आला. पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफील्ड नावाच्या शर्यतपटूने जाहिरातीसाठी हा ट्रॅक्टर ताशी ६० मैलांहून अधिक वेगाने पळवून दाखवला. त्याच्या मागे उसाची ट्रॉली नव्हती, हे आपल्या तरुण ड्रायव्हर मंडळींनी ध्यानात घ्यावे!

हवेचा टायर आला तरी एक गोष्ट राहिलीच. नेहमीच्या ट्रॅक्टरचा मागचा आस थेट सांगाड्याला जखडलेला असतो, त्याला पाटे-स्प्रिंग नसतात. म्हणजे मागच्या बाजूला स्प्रिंगचे काम करणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायरमधील हवा. नांगरटीत जमीन मऊ असते आणि वेग ताशी चार-पाच किलोमीटर असतो, त्यामुळे चाकाचा दोष कळत नाही. डांबरी टणक, वेग पंचवीस-तीस. तिथे लहान दोषही मोठा होतो.

किती मोठा, ते हिशेबाने पाहू. १४.९-२८ मापाचे मागचे चाक घ्या. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. अशा चाकाच्या रिममध्ये, मध्यापासून फूटभर अंतरावर, एकाच बाजूला १० किलो काळी माती वाळून बसली आहे असे समजू. ताशी १५ किलोमीटरला ती माती चाकाला बाहेर ओढते सुमारे १२ किलोच्या जोराने. वेग ३० केला, म्हणजे दुप्पट केला, तर हा जोर चौपट, सुमारे ४७ किलो होतो. हा जोर चाकाबरोबर फिरतो : अर्ध्या फेऱ्यात आस वर उचलतो, अर्ध्या फेऱ्यात खाली दाबतो. त्या वेगाला चाकाचे सेकंदाला जवळजवळ दोन फेरे होतात. आणि ट्रॅक्टर आपल्या टायरांवर हेलकावतो तोही सेकंदाला दोन-तीन वेळाच. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे तसे होते. म्हणूनच एका ठराविक वेगाला डुलणे एकदम वाढते आणि वेग कमी केला की थांबते.

गचका कुठून येतो ते आधी ओळखा

धक्का स्टिअरिंगच्या हातात येत असेल तर दोष पुढच्या चाकांत शोधावा. बुडाखाली, सीटला येत असेल तर मागच्या चाकांत. आणि पाठीमागून ढकलल्यासारखा हिसका बसत असेल तर ट्रॉलीत किंवा हुकात.

दुसरी खूण तालाची. टायरच्या बाजूला खडूची ठळक रेघ मारावी आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर ट्रॅक्टर हळू चालवून बाजूने चालणाऱ्या माणसाने पाहावे. रेघ खाली आली की प्रत्येक वेळी गचका बसतो का? बसत असेल तर ते चाक दोषी. पुढचे चाक लहान असल्याने मागच्याच्या जवळजवळ दुप्पट फेरे घेते, त्यामुळे त्याचा ताल जलद असतो. नव्या टायरच्या उंच रबरी दातांमुळे येणारी बारीक, सलग थरथर वेगळी. तो दोष नव्हे, दात डांबरीवर आपटणारच.

आणखी एक गोष्ट. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्रभर उभी राहते. नायलॉन धाग्यांचा टायर भाराखाली खालच्या बाजूला चपटा होतो. निघाल्यावर पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर धडधड होते आणि टायर तापला की आपोआप जाते. गेली तर काळजी नको. राहिली तर तपासावे.

चिखल, हवा, पाणी

चाकाच्या तपासणीचा क्रम आम्ही असा सुचवतो.

पहिला *चिखल*. पाणी दिलेल्या फडातून ट्रॅक्टर बाहेर आला की रिमच्या आतली माती खुरप्याने काढावी. बाहेरची माती झडते, आतली वाळून दगड होते. या कामाला पैसा लागत नाही.

दुसरी *हवा*. शेतकामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १५ पौंड हवा असते. ट्रॉली ओढताना रस्त्यावर त्याहून काही पौंड जास्त लागते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत भाराप्रमाणे दिलेला असतो, तोच पाळावा. टायर फुगलेला दिसतो म्हणून हवा बरोबर आहे, असे मानू नये. डाव्या-उजव्या चाकांत दोन-तीन पौंडांचा फरक पडला तरी ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. गरम टायरची हवा जास्त दिसते आणि ती सोडून दिली की थंड झाल्यावर कमी पडते.

तिसरे *पाणी*. भाताच्या चिखलणीसाठी व भारी नांगरटीसाठी टायरात पाणी भरतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर पाणी भरावे, अशी रीत आहे. एवढ्या मोठ्या चाकात दीडशे लिटरहून अधिक पाणी मावते. पाणी दाबले जात नाही, दाबली जाते ती हवा. पाणी भरले की हवेची जागा पावपट राहते, स्प्रिंग ताठ होते आणि रस्त्यावर आपट वाढते. निव्वळ वाहतुकीच्या हंगामात पाणी काढलेले बरे. वजन लागतच असेल तर चाकाला दोन्हीकडे सारख्या लोखंडी चकत्या बोल्टने बसवाव्यात.

यात एक चूक वारंवार आढळते. एक चाक पंक्चर होते, पंक्चरवाला त्यातले पाणी काढतो आणि परत नुसती हवा मारून देतो. आता एका चाकात दीड-पावणेदोन क्विंटल पाणी, दुसऱ्यात हवाच. मालक म्हणतो "तोल गेला", आणि खरोखरच गेलेला असतो! दोन्ही चाकांत पाणी ठेवा किंवा दोन्हीतून काढा. पाणी भरलेल्या टायरची हवा मोजताना व्हॉल्व्ह वर आणावा, म्हणजे मीटरमध्ये पाणी जाणार नाही.

टायर रिमवर नीट बसला आहे का?

एवढे करूनही गचका राहिला तर टायर गोल फिरतो का ते पाहावे. सपाट, टणक जागी बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकखाली जाड फळी घेऊन चाक उचलावे. टायरपासून बोटभर अंतरावर जमिनीवर एक वीट ठेवावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. अंतर सगळीकडे सारखे राहिले तर टायर गोल आहे. एके ठिकाणी विटेला घासतो आणि दुसरीकडे लांब जातो, तर दोष सापडला.

रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक उंच रेघ सर्व बाजूंनी असते. रिमपासून तिचे अंतर सगळीकडे सारखे हवे. एके ठिकाणी रेघ आत गेलेली दिसली तर टायर रिमवर पुरता चढलेला नाही. अशा वेळी हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसवून घ्यावा. बसवताना मागच्या टायरात ३५ पौंडांवर हवा मारू नये आणि हवा भरताना कोणी चाकासमोर उभे राहू नये. कड फुटून माणूस दगावू शकतो. हे काम जाणत्या टायरवाल्याकडूनच करून घ्यावे.

पुढच्या आणि ट्रॉलीच्या चाकाचा खरा तोलही जॅकवर कळतो. चाक मोकळे फिरवून सोडावे. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली तर ती बाजू जड. मागच्या चाकाला ही परीक्षा लागू नाही, कारण त्याच्यामागे गिअरचा अडसर असतो. चाक उचललेलेच आहे तर दोन्ही हातांनी हलवून बेअरिंगचा खेळही पाहून घ्यावा.

मोठ्या टायरांत बारीक गोळ्या घातल्या की तोल आपोआप साधतो, असेही काहीजण विचारतात. ती युक्ती वेगाने धावणाऱ्या चाकांसाठी आहे. सेकंदाला दोन फेरे घेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकात तिचा उपयोग नाही. तो पैसा चांगल्या मीटरवर खर्च करावा.

ट्रॉलीला विसरू नका

ट्रॉलीच्या एकाच आसावर एक नवा टायर आणि एक झिजलेला किंवा रिमोल्ड केलेला, असे जोडपे जमवू नये. तुटलेला पाटा, झिजलेली हुकाची कडी, ढिली पिन यांमुळे ट्रॉली सापासारखी वळवळते. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागच्या बाजूला जास्त रचल्या तर हुक वर उचलला जातो, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर हातात राहत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पायटी खिट्टीने जोडलेलीच हवीत. एक पाय एका ब्रेकवर पडला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

हे कशासाठी?

डुलणाऱ्या ट्रॅक्टरवर रोज दोन खेपा करणाऱ्या ड्रायव्हरची कंबर तिशीतच जाते. टायरचे दात एका अंगाने झिजतात आणि दोन हंगाम चालणारा टायर एकातच बाद होतो. वाटेत ट्रॉली अडकली तर तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजनही घटते आणि उताराही. हे झाले पैशाचे नुकसान. पण अंधारात, अरुंद रस्त्यावर वळवळणारी ट्रॉली हातभर जरी पलीकडे गेली, तरी समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला जागा उरत नाही. तो कोणा परक्या गावचा नसतो. बहुधा आपल्याच एखाद्या सभासदाचा मुलगा असतो.

म्हणून आमची विनंती आहे की, पहिल्या खेपेपूर्वी अर्धा दिवस चाकांसाठी राखून ठेवा. माती खरवडा, हवा मोजा, पाणी सारखे करा, टायर फिरवून पाहा, नट आवळा, कडी-पिन बदला. आणि एवढे करूनही डुलणे राहिले तर वेग कमी करा. ताशी तीसचे वीस केले की तोच धक्का निम्म्याहून कमी होतो, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. गव्हाणीला दहा मिनिटे उशिरा पोहोचलेला ऊस कारखाना घेतोच.

आपणा सर्वांना हंगाम सुखरूप जावो.