वॅट नव्हे, ओहम!

भाच्याला गाडीच्या डिकीत दोन सबवूफर हवे होते. तो वॅट सांगू लागला; मी ओहम विचारले. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, की ॲम्प्लिफायरला २ ओहमच रोध मिळतो. एकसर जोडले, की ८. रोध निम्मा झाला, की प्रवाह दुप्पट मागितला जातो. आवाज दणकतो खरा. पण ब्रिज केलेल्या ॲम्प्लिफायरची किमान मर्यादा ४ ओहम असेल, तर तो तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. मल्टिमीटरवर मात्र ४ ऐवजी साडेतीनच्या आसपास आकडा दिसतो. त्याने दचकू नये. आम्ही एकसर जोडणी केली. दणका थोडा कमी; माझ्या कानांना तेवढा पुरे! बॅटरीकडून डिकीत जाणाऱ्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज बसवून घेतला. ती तार पोरांच्या सीटखालून जाते.