बंदुकीला कोणते तेल?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात जमा केलेली बंदूक मालकाच्या हाती परत येते ती थेट मृगाच्या तोंडावर. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी पावसाळ्याचा दमटपणा पुरता सरला नव्हता. जमा असताना बंदूक कुणी उघडत नाही, पुसत नाही, तिला तेलही देत नाही. पोलादावर गंज चढायला एवढा अवधी पुष्कळ झाला.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न मूठभर शौकिनांपुरता नाही. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आणि उमरखेडकडे पैनगंगा अशी दोन अभयारण्ये इथे आहेत. जंगलाला लागून असलेल्या वावरात रोही आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात, म्हणून शेतकरी रात्र रात्र जागल करतो. पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक ठेवण्याची रीत त्यातूनच आली. शिवाय पोलीस आहेत, वनखाते आहे, बँकांचे रखवालदार आहेत. घरात परवान्याची बंदूक असली तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय ती रोह्यावर किंवा डुकरावर चालवता येत नाही. त्यामुळे इथली बहुतेक हत्यारे वर्षभर चालतात कमी आणि पडून राहतात जास्त. तेल निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी.

दोन कामे, दोन तेले

तेलाकडून बंदुकीची दोन कामे व्हावी लागतात. एकमेकांवर घासणाऱ्या भागांची झीज कमी करणे, म्हणजे वंगण, हे पहिले. पाणी आणि हवा पोलादापर्यंत पोचू न देणे, म्हणजे गंजरोध, हे दुसरे. वंगणाचे तेल पातळ आणि सहज पसरणारे हवे. गंजरोधकाचा थर मात्र जागचा हलता कामा नये. त्यातली द्रव्ये धातूला घट्ट धरून बसली पाहिजेत. पातळ तेल उभ्या बंदुकीवरून हळूहळू खाली ओघळते, काही प्रमाणात उडूनही जाते, आणि काही आठवड्यांनी पृष्ठभाग जवळजवळ उघडा पडतो. शिवणयंत्राचे तेल घोड्याला आणि सांध्याला उत्तम चालते. पण त्याच्या भरवशावर बंदूक पावसाळाभर कपाटात ठेवू नये.

गंज कसा चढतो तेही पाहू. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की तो सुरू होतो. पाण्याचे थेंब दिसायलाच हवेत असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. घामातले मीठ हे काम आणखी वेगाने करते. कोरडी न पुसलेली बंदूक कपाटात गेली की काही दिवसांनी तिच्यावर बोटांचे ठसेच गंजाच्या रूपात उमटतात. नळीवरचा काळा-निळा मुलामा आपल्याला वाचवील असा अनेकांचा समज असतो. तो मुलामा म्हणजे लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा पातळ, सच्छिद्र थर. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्याचा. नुसता मुलामा गंज फारसा अडवत नाही.

घरातली तेले

कापसाच्या जिल्ह्यात सरकीचे तेल आणि विदर्भात जवसाचे तेल हाताशी असते. ही तेले हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात. जवसाचे पूर्ण सुकते, सरकीचे अर्धवट. जवसाचा हा गुण लाकडाला वरदान आहे. दस्त्यावर बोटाने चोळून पातळ हात दिला, सुकू दिला आणि पुन्हा दिला की लाकूड ओल कमी शोषते. पण तेच तेल घोड्याच्या यंत्रणेत गेले तर चिकट राळेसारखे साचते आणि नेमक्या वेळी घोडा मंद पडतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि यवतमाळच्या थंडीत रात्रीचा पारा त्याच्या पुष्कळ खाली उतरतो. म्हणून खाद्यतेल कोणतेही असो, धातूच्या भागांना लावू नये.

रॉकेल जुना चिकटा काढायला चालते, पण ते पोलाद उघडे करून जाते. लगेच पुसून दुसरे तेल द्यावेच लागते. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे जळके ऑइल तर मुळीच नको. त्यात काजळी, धातूचा चुरा, पाण्याचा अंश आणि ज्वलनातून तयार झालेली आम्ले असतात.

दुकानातली तेले

डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झाले आणि त्यातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच पाणी हटवणे असा आहे. पावसात भिजलेली बंदूक सुकवताना ते उपयोगी पडते. मात्र मागे उरणारा थर हलका असतो. दीर्घकाळच्या गंजरोधासाठी तीच कंपनी वेगळे उत्पादन विकते. जर्मनीत १९०४ मध्ये तयार झालेले बॅलिस्टॉल पाण्यात मिसळते आणि लाकूड-चामड्यालाही चालते, म्हणून सर्वसाधारण निगेला ते बरे. साफसफाई, वंगण आणि गंजरोध ही तिन्ही कामे एकत्र करणारी तेले ‘सीएलपी’ नावाने मिळतात. नियमित वापरातल्या हत्याराला ती सोयीची. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या बंदुकीला मात्र मेणासारखा थर सोडणारे खास गंजरोधक द्यावे. दुसऱ्या महायुद्धात रायफली कॉस्मोलिनसारख्या घट्ट लेपात बुडवून जहाजांनी पाठवल्या जात, त्यामागचे तत्त्व हेच.

जाहिरातीत अमुक तास मिठाच्या फवाऱ्यात टिकल्याचे दावे असतात. ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा मारून ही चाचणी घेतात. एकाच चाचणीतली दोन तेले ताडून पाहायला ती कामाची आहे. पण त्या तासांवरून आपल्या कपाटात तेल किती महिने टिकेल हे काढता येत नाही. डब्यावर ‘दीर्घकाळ साठवणुकीसाठी’ असे स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

ठासणीच्या बंदुकीची वेगळी गोष्ट

जुन्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. ती जळल्यावर मागे पोटॅशियमचे क्षार उरतात. ते हवेतली ओल खेचून घेतात आणि एका रात्रीत नळी आतून खायला लागतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढला त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवावी, मग साध्या गरम पाण्याने खळखळून, कोरड्या चिंध्या सळईने फिरवून पूर्ण सुकवावी आणि त्यानंतरच तेल द्यावे. न धुता वरून तेल ओतणे म्हणजे मीठ आत कोंडून ठेवणे. क्लोरेटयुक्त टोपीची जुनी काडतुसे चालवलेल्या रायफलीलाही हाच नियम लागू होतो.

किती, कुठे, केव्हा

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे याची स्वतः, दोनदा खात्री करावी. नळी निर्धोक दिशेला असावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत. मग उरते प्रमाण. तेल जास्त झाले तर तेही घातकच. मेच्या धुळीत ते काळ्या मातीचे बारीक कण धरते आणि त्यातून भाग घासले जातात. ते ओघळून दस्त्यात मुरले तर लाकूड मऊ पडते. काडतुसाच्या टोपीत शिरले तर बार फुसका जाऊ शकतो. चिंधीला तेल लावून ती नळीवर फिरवावी, सांध्याला एकच थेंब द्यावा. आणि बंदूक चालवण्याआधी नळी आतून कोरडी पुसावी, कारण आत साचलेल्या तेलाने दाब धोकादायक वाढू शकतो.

साठवताना चामड्याचे किंवा कॅनव्हासचे आवरण नको. ते ओल धरून ठेवते. कुलूपबंद पोलादी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या पुन्हा सुकवाव्यात. यंत्रांचे सुटे भाग गुंडाळायला कारखान्यांत वापरतात तो गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद इथेही कामी येतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, एरवी महिन्यातून एकदा हात फिरवला तरी पुरे. वनखात्याच्या वायूवर चालणाऱ्या डार्ट बंदुकांत रबरी कड्या असतात. खनिज तेलाने त्या फुगू किंवा चिरू शकतात, म्हणून तिथे निर्मात्याने सांगितलेले वंगणच द्यावे. आतली यंत्रणा उघडण्याचे काम मात्र परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच सोपवावे.

शेवटी विनंती दोघांना आहे. परवानाधारकांनी बंदूक जमा करायला निघताना ती पुसावी, तिला घट्ट गंजरोधक लावावे, आवरण घरीच ठेवावे आणि पावतीवर बंदुकीची अवस्था नोंदवून घ्यावी. पोलीस प्रशासनाने जमा शस्त्रांच्या खोलीत ओल राहू देऊ नये, आणि मुक्काम लांबला तर ठाण्याच्या देखरेखीत मालकाला एकदा तेल देण्याची मुभा द्यावी. गंजलेली, बार चुकवणारी बंदूक ज्याच्या हातात असते त्याच्याच जिवावर बेतू शकते. तो धोका टाळायला योग्य तेलाची एक बाटली आणि महिन्यातली पंधरा मिनिटे पुरतात.