कड्यावर सापडलेली चीज

सापडलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न रस्त्यावर जितका सोपा, तितका डोंगराच्या कड्यावर नसतो. रस्त्यात पैशाचे पाकीट दिसले, तर ते कोणाचे तरी हरवले आहे, हे लहान मुलालाही समजते. परंतु उभ्या कातळावर, जमिनीपासून शंभर-दीडशे फुटांवर, फटीत एखादी धातूची पाचर रुतलेली दिसली, किंवा खडकात ठोकलेल्या मेखेला कडी लटकलेली आढळली, तर ती हरवलेली म्हणावी, सोडून दिलेली म्हणावी, की मागून येणाऱ्यांसाठी मुद्दाम ठेवलेली? तिन्हींचा न्याय निराळा आहे. तो करण्यात चूक झाली तर नुसता मालकाचा तोटा होऊन भागत नाही. प्रसंगी कोणी प्राणास मुकतो.

प्रस्तुत लेखक पेशाने गाण्याचा मास्तर. वडील लहान वयातच दरबारच्या चाकरीत लागले आणि तंबोऱ्यावर बसू लागले. तेव्हा घरात सुरांची ये-जा, डोंगराची नव्हे. पावागडावर आम्ही बडोद्याची मंडळी जातो ती देवीच्या दर्शनाला, आणि हल्ली तेही पाळण्यात बसून. मात्र माझ्याकडे गाणे शिकणारी एक मुलगी सुट्टी मिळाली की सह्याद्रीतले सुळके चढायला जाते. तिच्या तोंडून ह्या लोकांचा एक अलिखित कायदा ऐकला आणि तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

ह्या कायद्याचे पहिले कलम सोडून दिलेल्या वस्तूंचे. चढता चढता पाऊस आला, अंधार पडला, किंवा वाट अंगाबाहेरची निघाली, की माघार घ्यावी लागते. दोर ओवून खाली उतरायचे तर एखादी कडी वर सोडावीच लागते. ती सोडणारा समजून-उमजून सोडतो; सुखरूप उतरण्याची ती किंमत असते. पुढे जो तिथवर चढेल त्याने ती काढून घेतली तर कोणी त्याला चोर म्हणत नाही. इंग्रजी मुलखातले आरोहक तिला गमतीने ‘बूटी’, म्हणजे लूट, म्हणतात. फटीत घट्ट बसलेल्या पाचरेचेही तसेच. मालकाने खटपट करून सोडली. दुसऱ्याने घाम गाळून सोडवली. तर ती त्या घामाची. शिवाय कातळही साफ राहतो.

दुसरे कलम हरवलेल्या वस्तूंचे. पायथ्याशी विसरलेले बूट, कमरेच्या पट्ट्यावरून निसटून झुडपात पडलेल्या कड्या, झाडाखाली राहिलेला दोर, ह्यांवर ‘लूट’ हा शब्द चालत नाही. त्या टाकलेल्या नाहीत, राहून गेलेल्या आहेत. आसपासच्या मंडळींना विचारावे, गावातल्या चहावाल्याकडे निरोप ठेवावा, आणि वस्तू पोहोचवावी. पाश्चात्त्य मुलखात अशा वेळी मालकाने शोधणाऱ्याला बिअर पाजावी असा रिवाज आहे. आपल्याकडे ते चहा-भज्यांवर भागते.

तिसरे कलम सर्वांत कडक. उतरण्यासाठी माथ्यावर कायम बसवलेल्या मेखा, साखळ्या, वेटोळी, किंवा कोणी एखादी अवघड वाट दिवसेंदिवस साधत असताना तीवर लटकत ठेवलेल्या कड्या, ह्यांना हात लावायचा नाही. त्या बेवारशी दिसतात, पण नसतात. वर आलेला माणूस त्यांच्याच भरवशावर खाली उतरणार असतो. तिथून कोणी एक कडी खिशात घातली, तर तो उतरायच्या वाटेचा कठडाच काढून नेतो.

ह्यालाच जोडून एक व्यवहाराची गोष्ट. सापडलेली वस्तू आपली झाली म्हणून ती आपल्या जिवाला बांधावी असे नाही. धातूची कडी पारखून घेता येते. भेग, झीज, गंज डोळ्याला दिसतो. दोराचे व पट्ट्यांचे तसे नसते. नायलॉन उन्हाने दुबळे होते, आम्लाचा स्पर्श झाला तर आतून कुजते, आणि वरून धडधाकट दिसते. म्हणून जाणते आरोहक सापडलेल्या दोराने पिशव्या बांधतात, माणूस बांधत नाहीत.

आता खरा प्रश्न हा, की वस्तू सोडलेली की राहिलेली, हे शोधणाऱ्याने ओळखावे कसे? म्हणून हे लोक आपल्या सामानावर रंगीत चिकटपट्टीची खूण करतात. एकाची हिरवी, तर दुसऱ्याची पिवळी-तांबडी. माझ्या ह्या विद्यार्थिनीने एका पावसाळ्याच्या तोंडी दोन कड्या सुळक्यावर सोडल्या होत्या. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या एका चमूतला मुलगा पट्टीचा रंग विचारीत विचारीत तिच्यापर्यंत आला आणि कड्या पुढे केल्या. कायद्याने त्या त्याच्या झाल्या होत्या. तिने एक ठेवली, एक त्याला दिली.

डोंगराच्या इतिहासात अशा खुणांनी मोठी कामे केली आहेत. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्रू अर्विन एव्हरेस्टच्या माथ्याकडे जाताना शेवटचे दिसले. पुढे १९३३ साली पर्सी विन-हॅरिस ह्यांना सुमारे ८,४६० मीटर उंचीवर खडकावर पडलेली एक बर्फकुऱ्हाड सापडली. परतताना ती त्यांनी बरोबर आणली. दांड्यावरच्या तीन समांतर खाचांवरून ती अर्विनची असावी असे मानले जाते. आज ती लंडनच्या अल्पाइन क्लबच्या संग्रहात आहे. विन-हॅरिस ह्यांच्या दिवाणखान्यात गेली नाही. २०२४ साली खालच्या हिमनदीत एक बूट सापडला. आतल्या मोज्यावर ‘ए. सी. अर्विन’ अशी नावाची पट्टी शिवलेली होती. तेव्हाही घरच्या मंडळींना कळवण्यात आले, आणि ओळख पक्की व्हावी म्हणून त्यांनी आपले नमुने देऊ केले. शंभर वर्षे झाली म्हणून कोणी ते बेवारस मानले नाही.

त्याहून मला भावली ती हेर्मान बूलची कथा. ३ जुलै १९५३ रोजी हा ऑस्ट्रियन गडी एकट्याने, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय, नंगा पर्वताच्या ८,१२६ मीटर उंच माथ्यावर पोहोचला. त्यापूर्वी तिथे कोणाचाही पाय लागला नव्हता. आल्याची साक्ष म्हणून त्याने आपली बर्फकुऱ्हाड शिखरावरच ठेवली, आणि उतरताना रात्र झाली म्हणून खडकाला टेकून उभ्याउभ्याने ती काढली. चारच वर्षांनी, १९५७ साली, चोगोलिसा शिखरावर तो गेला. ती कुऱ्हाड १९९९ साली एका जपानी गिर्यारोहकाला सापडली. पहिल्या कलमाप्रमाणे पाहिले तर ती सोडलेलीच वस्तू. मालकाने जाणूनबुजून ठेवलेली, तीही ४६ वर्षांपूर्वी. त्याने ती ठेवून घेतली असती तर कोणता आरोहक त्याला बोल लावता? पण ती कुऱ्हाड बूलच्या पत्नीच्या हाती गेली.

कायदा आणि रीत ह्यांत अंतर आहे ते हेच. कायदा सांगतो, तुला काय ठेवता येईल. रीत विचारते, ह्यात कोणाचा जीव गुंतला आहे.

आमच्या पेशातही ‘चीज’ सापडतेच. कुठल्याशा मैफलीत कानी पडलेली बंदिश कोणी गळ्यात घेऊन घरी येतो. तिला कुलूप नाही, गुन्हा नाही. परंतु ती गाण्यापूर्वी कानाच्या पाळीला हात लावून ज्यांची त्यांचे नाव घ्यायचे, एवढे वडिलांनी मला सा लावायच्या आधी शिकवले. नाव घेतल्याने चीज परत जात नाही. पण ती आपण रचली नाही, आपल्याला मिळाली आहे, एवढे तरी ऐकणाऱ्याला कळते. कड्यावरची पोरे ठेवून घेतलेली कडी दाखवताना ‘ही अमक्या सुळक्यावर मिळाली’ असे सांगतात, तेव्हा मला ते कानाला हात लावल्यासारखेच वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता डोंगरात जातात. आपण त्यांना पोळीचे डबे बांधून देतो, संभाळून जा म्हणतो. त्याबरोबर इतके सांगावे, की सामानावर आपली खूण कर. माथ्यावरच्या साखळीला हात लावू नकोस. आणि काही सापडलेच, तर पिशवीत टाकण्याआधी ते कोणाचे असेल हे एकदा मोठ्याने विचार. कड्यावर आवाज लांबवर जातो. कोणी सांगावे, मालक वरच्याच वळणावर असेल.