चूक कोणाची, हे न विचारणारा कायदा

२२ एप्रिल २००३. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो जागीच संपला. मागे बायको, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माणूस आवारात पोचलाच नव्हता, मग तो कामावर कसा, या मुद्द्यावर २०११ मध्ये निकाल फिरला. शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश कायम केला. रात्रपाळीच्या रखवालदाराने वेळेवर पोचायला घरून निघणं हा नोकरीशी जोडलेलाच भाग, असं न्यायालयाने धरलं.

बावीस वर्षं लागली.

कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि घर ते कामाची जागा हा प्रवास तिच्यात स्पष्टपणे आला. गाभा मात्र जुनाच आहे: मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं दाखवलं की पुरे. दारू पिऊन काम केलं किंवा यंत्राचं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं, तर मालकाला हात झटकता येतात. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तीही सबब चालत नाही.

आता हिशेब. प्रेसवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या कामगाराचं उदाहरण घेऊ. हिशेबाला पगार महिना जास्तीत जास्त १५ हजार धरतात. २०२० मध्ये ठरलेली ही मर्यादा आजच्या महागाईत तोकडीच आहे. पूर्ण अपंगत्वासाठी पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९ हजार, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तिशीला तो २०७.९८ आहे. रक्कम होते १८ लाख ७१ हजार ८२०. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के. कोणता अवयव गेला तर किती टक्के, याचं कोष्टक कायद्यातच आहे. अंगठा गेला तर ३०, पूर्ण तर्जनी गेली तर १४. म्हणजे या कामगाराच्या तर्जनीचे अडीच लाखांहून जास्त होतात. दवाखान्याचं बिल आणि वर दहा-वीस हजार देऊन 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्या मुकादमासमोर हा आकडा माहीत असलेला बरा.

कोष्टक म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९६८ मध्ये ओडिशातल्या जेपूरच्या एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात गेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सुतारकी एका हाताने होत नाही, तेव्हा हे शंभर टक्के अपंगत्व. त्याच निकालाने हेही ठरवलं की भरपाईचं देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतं. ती महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण पटलं नाही तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले बरेच कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असतात. त्यांना हा दावा करता येत नाही. त्यांची वाट वेगळी, आणि बरेचदा बरी. उपचार होतात, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे मिळत राहतात. आधी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी, अशी अटही कामावरच्या इजेला नाही.

ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक सुटत नाही. भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. पण नोकरीवर होतो हेच नाकारलं गेलं तर काय? म्हणून हजेरीची नोंद, बँकेत आलेला पगार, दवाखान्याचे कागद, सोबत असलेल्यांची नावं पहिल्याच आठवड्यात गोळा करावीत. कोऱ्या कागदावर सही करू नये. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी कायद्याने ते रद्दच ठरतं. मृत्यू झाला असेल तर भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा व्हायला हवी. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर घरी आणून दिलेली रोख भरपाईत धरली जात नाही. आणि दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. ती वाटाघाटीत घालवू नका.